काम आवडतं, नोकरी नाही: नर्सेसच्या समाधानाचे दोन मीटर

या भागाचं शब्दांकन. बोलले तसंच ठेवलंय, फक्त 'अं…' आणि 'म्हणजे ना' जरा कमी केलेत.

कोणी लोकलमध्ये लटकत ऐकतंय, कोणी भांडी घासताना ऐकतंय, आणि कोणी ऑफिसच्या कॉलवर माईक म्यूट करून एका कानात मला लावलंय, माहितीये मला. असू दे. आजचा विषय कामाचाच आहे, त्यामुळे बॉसने पकडलं तर सांगा की ट्रेनिंग चालू आहे.

आजचा प्रश्न साधा वाटेल. हॉस्पिटलमधल्या नर्सेस त्यांच्या नोकरीत समाधानी असतात का?

हा प्रश्न मी माझ्या मामेबहिणीला विचारला. ती नऊ वर्षं नर्स आहे, सध्या एका खासगी हॉस्पिटलमध्ये. तिचं नाव आणि हॉस्पिटलचं नाव घेणार नाही, या अटीवरच ती बोललीये. आपण तिला नुसतं 'ताई' म्हणू. ताईने मलाच उलटा प्रश्न केला, "कशाबद्दल विचारतेयस? कामाबद्दल की नोकरीबद्दल?"

मी म्हटलं, दोन्ही एकच ना? तर ती हसली. आणि आजचा सगळा एपिसोड त्या हसण्यात आहे.

आपल्याकडे सर्व्हे कसा होतो बघा. एचआरकडून एक लिंक येते. 'तुम्ही तुमच्या नोकरीत किती समाधानी आहात? एक ते पाच.' समजा एखाद्या नर्सने तीन दिले. त्या तीनचा अर्थ काय? तिला सगळंच ठीकठाक वाटतं? की कामाला पाच आणि बाकी सगळ्याला एक, आणि सरासरी तीन? आम्ही सॉफ्टवेअरवाले या सरासरीला फार घाबरतो. सरासरी वेळ छान दिसते आणि तिकडे शंभरातल्या पाच लोकांचं पेज उघडतच नाही. आकडा खोटा नसतो, पण आकड्याच्या पोटात काय आहे ते दिसत नाही.

ही गोष्ट एका माणसाने १९५९ मध्येच नीट मांडून ठेवलीये. फ्रेडरिक हर्झबर्ग, अमेरिकन मानसशास्त्रज्ञ. त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी पिट्सबर्ग भागातल्या दोनशेच्या आसपास लोकांना विचारलं, की कामावर तुम्हाला फार छान वाटलं तो प्रसंग सांगा, आणि फार वाईट वाटलं तोही सांगा. गंमत म्हणजे ते लोक कोण होते? इंजिनियर आणि अकाउंटंट. म्हणजे आमचीच जमात.

त्यांना काय दिसलं? छान वाटलेल्या प्रसंगांमध्ये लोक सांगत होते की काहीतरी जमलं, कोणीतरी दखल घेतली, जबाबदारी मिळाली, कामच भारी होतं. वाईट वाटलेल्या प्रसंगांमध्ये यादी वेगळी होती. कंपनीचे नियम, साहेबाची वागणूक, कामाची जागा, पगार. म्हणजे समाधान आणि असमाधान ही एकाच पट्टीची दोन टोकं नाहीत. दोन वेगळे मीटर आहेत. एक वर असताना दुसराही वर असू शकतो.

सोपं उदाहरण घ्या. ऑफिसचं टॉयलेट स्वच्छ आहे म्हणून कोणी त्या कंपनीवर प्रेम करत नाही. पण ते रोज घाण असेल तर माणूस नोकरी शोधायला लागतो. आणि तुम्ही त्याला 'एम्प्लॉयी ऑफ द मंथ' केलं म्हणून ते टॉयलेट स्वच्छ होत नाही!

हर्झबर्गवर पुढे बरीच टीकाही झाली. माणूस यशाचं श्रेय स्वतःला देतो आणि अपयशाचं खापर परिस्थितीवर फोडतो, त्यामुळेच दोन याद्या वेगळ्या निघाल्या, असं काही अभ्यासकांचं म्हणणं. मुद्दा बरोबर आहे. पण नर्सिंगकडे बघायला ही दोन मीटरची चौकट मला फार उपयोगी वाटली.

आता ताईचा पहिला मीटर ऐका. तिला विचारलं, काम काय आवडतं? ती पाच मिनिटं थांबलीच नाही. पाच-सहा महिन्यांच्या बाळाची शीर सापडत नाही, दोघीजणी टोचून थकल्यात, आई रडतेय, आणि ही जाऊन एका फटक्यात इंट्राकॅथ लावते. व्हेंटिलेटरवरून निघालेला पेशंट पहिला शब्द बोलतो तो बहुतेक वेळा नर्सशी, कारण त्या क्षणी तिथे तीच असते. डॉक्टरांचा राउंड काही मिनिटांचा, नर्स पूर्ण ड्युटीभर. पेशंटचा चेहरा बघून तिला कळतं की काहीतरी बिघडतंय, मॉनिटर ओरडायच्या आधी. "हे मला येतं," ताई म्हणाली. "आणि हे सगळ्यांना येत नाही." 'हे मला येतं' यापेक्षा मोठं समाधान कुठल्या नोकरीत असतं, मला सांगा. मी वर्षभर ज्या बटणावर काम केलं ते नंतर प्रॉडक्टमधून काढून टाकलं.

मग दुसरा मीटर. ड्युटी सकाळी आठ ते दोन, दुपारी दोन ते आठ, आणि नाइट रात्री आठ ते सकाळी आठ. बारा तास. हॅन्डओव्हर द्यायचा-घ्यायचा वेळ कागदावर नाही, पण त्याशिवाय निघता येत नाही. एकच गोष्ट केसपेपरवर, रजिस्टरमध्ये आणि वर कॉम्प्युटरवर, अशी तीनदा लिहायची. फार्मसीचं इंडेंट तिनेच टाकायचं. बिलाबद्दल नातेवाइकांच्या शिव्या तिनेच खायच्या, कारण बिल बनवणारा माणूस वॉर्डात येत नाही. स्टॉकमधला थर्मामीटर हरवला तर पैसे सगळ्या स्टाफमध्ये वाटून कापायचे. आणि पुढच्या आठवड्याचा ड्युटी चार्ट शनिवारी संध्याकाळी व्हॉट्सअॅपवर येतो. मैत्रिणीचं लग्न असो की मुलाचं गॅदरिंग, आधी 'हो' म्हणायची सोय नाही.

आता इथे मी इंजिनियर असल्याचा थोडा फायदा घेते. घाबरू नका, गणित सातवीचं आहे.

वॉर्डात एक 'जागा' चोवीस तास भरलेली ठेवायला किती नर्सेस लागतात? पटकन उत्तर येतं, तीन शिफ्ट म्हणून तीन. चूक. वर्षाच्या ३६५ दिवसांत रोज तीन, म्हणजे १०९५ ड्युट्या झाल्या. एका नर्सचे वर्षाचे दिवस मोजा. ५२ साप्ताहिक सुट्ट्या गेल्या. सणाच्या, किरकोळ, आजारपणाच्या, हक्काच्या रजा मिळून चाळीस धरू. राहिले २७३ दिवस. १०९५ भागिले २७३, उत्तर चार. एका जागेला चार माणसं.

आता तीस खाटांचा वॉर्ड घ्या. एका नर्सकडे सहा पेशंट असावेत असं ठरवलं तर प्रत्येक शिफ्टला पाच जणी हव्यात. पाच गुणिले चार, वीस नर्सेस. समजा प्रत्यक्षात बाराच आहेत. मग रोजच्या तीन शिफ्टना मिळून नऊच जणी उपलब्ध होतात. सकाळी राउंड असतो, ऑपरेशनला पेशंट पाठवायचे असतात, म्हणून पाच सकाळी लावल्या. दुपारी दोन. रात्री दोन. रात्री एकीकडे पंधरा पेशंट. आणि त्यातल्या एकीला ताप आला तर? दुसरीकडे तीस.

म्हणून 'प्रमाण' ऐकताना कान उघडे ठेवा. इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या जुन्या निकषांत वॉर्डसाठी १:३ असं प्रमाण आहे आणि रजेसाठी वर ३० टक्के जादा माणसं. एका नर्सला तीन पेशंट? वा, स्वर्गच की! पण ते १:३ एकूण नेमणुकांचं आहे. त्याच निकषात पुढे दिलंय, प्रत्येक शिफ्टला १:९. आणि हे सगळ्या जागा भरलेल्या असताना. पदं रिकामी राहिली की नऊचे पंधरा व्हायला वेळ लागत नाही.

आमच्याकडे सर्व्हर शंभर टक्के लोडवर चालवणाऱ्याला कोणी शहाणा म्हणत नाही. जरा ट्रॅफिक वाढला की तो झोपणार, हे सगळ्यांना माहीत असतं. हॉस्पिटलमध्ये मात्र शंभर टक्के लोडला 'मनुष्यबळाचा उत्तम वापर' म्हणतात.

बरं, तुम्ही म्हणाल, हे तिचं दुखणं झालं, आमचं काय? आता जे सांगणार आहे ते नीट ऐका.

२००२ मध्ये लिंडा एकेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या १६८ हॉस्पिटलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दहा हजारांहून जास्त नर्सेस, दोन लाख बत्तीस हजार सर्जरीचे पेशंट. त्यात असं दिसलं की एका नर्सकडे सरासरी एक पेशंट वाढला की नर्स पार थकून, करपून जाण्याची शक्यता २३ टक्क्यांनी जास्त. नोकरीबद्दल असमाधानी असण्याची शक्यता १५ टक्क्यांनी जास्त. आणि पेशंट तीस दिवसांत दगावण्याची शक्यता ७ टक्क्यांनी जास्त. सात टक्के ऐकायला कमी वाटतात, पण ते चक्रवाढ व्याजासारखे चढतात. चारऐवजी आठ पेशंट झाले की जवळपास ३१ टक्के.

हा अभ्यास तिकडचा आहे, आकडे जसेच्या तसे आपल्या सिव्हिल हॉस्पिटलला चिकटवू नका. पण दिशा बघा. ज्या गोष्टीने नर्स असमाधानी होते, त्याच गोष्टीच्या सोबतीने पेशंटचा धोका वाढतो. तिचा दुसरा मीटर खरं तर आपल्या खाटेशेजारी लावलेला आहे.

यावर कायदा करता येतो का? येतो. कॅलिफोर्नियाने १९९९ मध्ये कायदा केला आणि २००४ पासून लागू केला. साध्या मेडिकल-सर्जिकल वॉर्डात आधी सहा आणि २००५ पासून पाच पेशंटमागे एक नर्स, आयसीयूत दोघांमागे एक. कुठल्याही शिफ्टला, रात्रीसुद्धा.

आता पगार. जानेवारी २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केंद्र सरकारला सांगितलं की खासगी हॉस्पिटलांतल्या नर्सेसच्या पगाराचा आणि कामाच्या परिस्थितीचा विचार करायला समिती नेमा. समिती नेमली गेली, शिफारसी आल्या. दोनशेहून जास्त खाटांच्या हॉस्पिटलमध्ये सरकारी नर्सएवढा पगार, शंभरच्या वर खाटा असतील तर फार तर १० टक्के कमी, पन्नास ते शंभरला फार तर २५ टक्के कमी, आणि अगदी छोट्या हॉस्पिटलमध्येही महिना २०,००० रुपयांच्या खाली नाही. पण शिफारस म्हणजे शिफारस. अमलात आणायचं काम राज्यांचं. केरळात नर्सेसनी २०१७ मध्ये मोठं आंदोलन केलं आणि एप्रिल २०१८ मध्ये तिथल्या सरकारने खासगी हॉस्पिटलांसाठी २०,००० रुपये किमान मूळ वेतनाचा आदेश काढला.

आपल्याकडे सरकारी हॉस्पिटलांतल्या नर्सेस २०२२ मध्ये आणि पुन्हा जुलै २०२५ मध्ये संपावर गेल्या. दोन्ही वेळा एक मुद्दा सारखाच होता. कायम भरतीऐवजी कंत्राटी भरती नको. यातली मेख समजून घ्या. एकाच वॉर्डात, एकाच ड्युटीवर दोघी उभ्या आहेत. तेच इंजेक्शन, तोच पेशंट, तीच जबाबदारी. एक कायम, एक कंत्राटी, आणि दोघींच्या पगारात नुसती दरी. यात कमी पगारापेक्षा जास्त टोचतो तो अन्याय. आमच्याकडे टीममधल्या दोघांच्या पगारात थोडा फरक कळला तरी लोक आठवडाभर चहाला एकत्र जात नाहीत.

आणि मग संप झाला की आपण काय म्हणतो? "अरे, हे तर सेवेचं काम आहे. नर्सनी असं करावं का?"

इथे आपली भाषाच आपल्याला फसवते. बघा ना, आपण तिला 'सिस्टर' म्हणतो. सरकारी कागदावर मेट्रनचं पद 'अधिसेविका'. सेवा, त्याग, माया. पहिल्या मीटरचे शब्द सगळे. आणि दुसऱ्या मीटरवर तक्रार आली की आपण पहिल्या मीटरकडे बोट दाखवतो. "पण तुम्हाला किती पुण्य मिळतं!"

३ मे २०२० आठवतोय? हवाई दलाच्या हेलिकॉप्टरांनी देशभर हॉस्पिटलांवर फुलं उधळली होती. कौतुक मनापासून होतं, माझी काही तक्रार नाही. पण त्याच महिन्यात कोलकात्यातल्या खासगी हॉस्पिटलांमधून शेकडो नर्सेस राजीनामे देऊन आपापल्या गावी निघून गेल्या, त्यात मणिपूरच्या कितीतरी होत्या. फुलं पहिल्या मीटरवर पडली. दुसरा लाल होता तो लालच राहिला.

आणि ज्यांना वाटतं की सेवाभाव आणि हक्क एकत्र नांदत नाहीत, त्यांच्यासाठी मुंबईतल्या केईएम हॉस्पिटलचं उदाहरण आहे. अरुणा शानबाग. १९७३ च्या नोव्हेंबरमध्ये ड्युटीनंतर हॉस्पिटलच्याच तळघरात कपडे बदलायला गेलेल्या या नर्सवर तिथल्याच एका कर्मचाऱ्याने हल्ला केला. त्यानंतर त्या कधीच पूर्ववत झाल्या नाहीत. मे २०१५ मध्ये त्यांचं निधन झालं. मधली जवळपास ४२ वर्षं केईएमच्या नर्सेसनी त्यांना सांभाळलं. ज्यांनी त्यांना कधी चालता-बोलताना पाहिलंही नव्हतं, अशा पुढच्या पिढ्यांनी सांभाळलं. यापेक्षा मोठा सेवाभाव दाखवा मला.

पण दुसरी बाजू कमी लोकांना माहितीये. हल्ल्यानंतर मुंबईच्या नर्सेस संपावर गेल्या होत्या, अरुणासाठी आणि स्वतःच्या सुरक्षित कामाच्या जागेसाठी. पुढे ऐंशीच्या दशकात महापालिकेने अरुणाला केईएममधून हलवायचा प्रयत्न केला तेव्हा त्याच नर्सेस आडव्या उभ्या राहिल्या आणि तो बेत मागे घ्यावा लागला. म्हणजे जे हात चार दशकं कूस बदलून देत होते, तेच हात बाहेर फलक धरत होते. त्यांच्या मनात या दोन गोष्टींचं भांडण नव्हतं. भांडण आपल्या डोक्यात आहे.

मग उपाय? पैसा आणि पदभरती याला पर्याय नाही, हे आधी स्पष्ट बोलू. पण १९८० च्या दशकात अमेरिकेत नर्सेसचा तुटवडा असताना एक चांगली शोधाशोध झाली. 'सगळीकडे नर्सेस का सोडून जातात' हे विचारायच्या ऐवजी 'कुठे टिकतात' हे विचारलं. १९८३ च्या अहवालात अशी ४१ हॉस्पिटलं निवडली, त्यांना 'मॅग्नेट' म्हणजे चुंबक हॉस्पिटलं म्हटलं गेलं. तिथे काय होतं? पुरेसा स्टाफ, सोयीच्या ड्युट्या, नर्सिंगच्या प्रमुखाला व्यवस्थापनात खरा आवाज, आणि पेशंटच्या बाबतीत नर्सच्या मताला किंमत.

यात मी माझ्या क्षेत्रातली एक गोष्ट जोडेन. आमच्याकडे रात्री सिस्टीम पडली की दुसऱ्या दिवशी मीटिंग होते. बऱ्या टीममध्ये पहिला नियम असतो, 'कोणी केलं' विचारायचं नाही, 'कसं होऊ शकलं' विचारायचं. त्यामुळे लोक लपवत नाहीत. ताईच्या हॉस्पिटलमध्ये चुकीचं औषध देता देता वेळीच लक्षात आलं, तरी सांगणारीलाच मेमो मिळतो. मग पुढच्या वेळी कोण सांगेल? दोन औषधांच्या सारख्या दिसणाऱ्या बाटल्या शेजारीशेजारी तशाच राहतात. आमच्या चुकीने फार तर कोणाची ऑर्डर अडकते. तिथे जीव अडकतो, आणि शिकायची पद्धत मात्र आमची जास्त बरी. हे उलटं नको का?

ताईने सध्या जर्मनचा क्लास लावलाय. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीच्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, त्यात नर्सिंगही आहे. तिच्या बॅचच्या ग्रुपवर आता शुभ सकाळच्या फुलांऐवजी 'देअर, डी, दास' फिरतं. दोन महिन्यांनी तिची परीक्षा. मी विचारलं, कंटाळलीस का गं? ती म्हणाली, "अगं, काम सोडायचं नाहीये मला. ही नोकरी सोडायचीये. काम घेऊनच चाललेय मी."

हे वाक्य मला फार लागलं. नऊ वर्षांचा हात, बाळाची शीर शोधणारा हात, आपण घालवतोय. तिचं कामावरचं प्रेम आटलं म्हणून घालवत नाहीये, प्रेम तर भरपूर आहे. आपण त्या प्रेमाच्या भरवशावर बाकी सगळं ढकललं, म्हणून.

आता तुम्ही-आम्ही काय करू शकतो? तीन छोट्या गोष्टी.

एक. घरच्या कोणाचं ठरवून ऑपरेशन असेल तर हॉस्पिटल निवडताना रूममध्ये एसी आहे का, यासोबत हेही विचारा की रात्री एका नर्सकडे किती पेशंट असतात. रिसेप्शनवरचा माणूस गोंधळेल. गोंधळू दे. दहा जणांनी विचारलं की उत्तर तयार ठेवावं लागेल.

दोन. डिस्चार्जच्या वेळी फीडबॅक फॉर्मवर 'स्टाफ चांगला' असं लिहू नका. नाव लिहा आणि काय केलं ते लिहा. 'रात्री तीन वाजता बाबांचा श्वास बदललाय हे या सिस्टरांनी ओळखलं.' दखल ही पहिल्या मीटरची गोष्ट, ती आपल्या हातात आहे. आणि बिलावरून आवाज चढवायचा असेल तर बिलिंगच्या काउंटरवर चढवा, वॉर्डात नको.

तीन. पुढच्या वेळी नर्सेसच्या संपाची बातमी आली की 'पेशंटचे हाल' या मथळ्यावर थांबू नका. मागण्या वाचा. संप नसतानाही रात्री एकीकडे पंधरा पेशंट असतात, तेव्हाचे हाल बातमीत येत नाहीत.

आज एवढंच. तुमच्या घरात कोणी नर्स असेल, आई, बहीण, वहिनी, किंवा भाऊ, कारण आता ब्रदरही भरपूर आहेत, तर त्यांना ताईचा तो प्रश्न विचारा. काम कसं चाललंय, आणि नोकरी कशी चाललीये? दोन वेगवेगळी उत्तरं मिळतील. ती व्हॉइस नोटवर पाठवा, नावं न घेता पुढच्या भागात ऐकवू.

आणि ज्या नर्सेस नाइटला जाता जाता हे ऐकताहेत, त्यांची ड्युटी शांत जावो. 'आज वॉर्ड शांत आहे' असं मात्र मोठ्याने म्हणू नका, ताई म्हणते लगेच अॅडमिशन येतं. भेटू पुढच्या भागात!